पूर-पावसाच्या नोंदींचं सामायिक कोठार: उभारणी आणि रोजचा कारभार

कोल्हापूर जिल्ह्यात पुराची आणि पावसाची माहिती कमी नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पावसाळ्यात दिवसातून अनेकदा जाहीर होते, तालुकानिहाय पाऊस रोज येतो, धरणांतून किती पाणी सोडलं तेही कळतं. फक्त ती माहिती पीडीएफमध्ये, व्हॉट्सॲपवरच्या फोटोंत, कुणाच्या तरी एक्सेलमध्ये आणि गावातल्या वह्यांत विखुरलेली असते. दोन-तीन कॉलेजं, एखादी स्वयंसेवी संस्था आणि नदीकाठच्या गावांत नोंदी ठेवणारी मंडळी यांनी ती एकत्र आणायची ठरवली, तर कामाला कुठून लागायचं आणि कुठे घोळ होतो, ते इथे मांडलं आहे. हीच पद्धत ऊस, दूध किंवा फाउंड्रीच्या माहितीलाही चालते. तिथे रकाने बदलतील, शिस्त तीच राहील.

सर्व्हर, डिस्क, सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात सोपा भाग. त्यावर वेळ आणि पैसा सहज खर्च होतो, आणि दोन वर्षांनी कोठारात 43.1 असा आकडा सापडतो. तो फूट आहे, मीटर आहे की मिलिमीटर, हे सांगणारा माणूस तोवर नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो. म्हणून माहितीची ओळख माहितीबरोबरच आत यायला हवी. "नंतर सवडीने लिहू" म्हटलं की ते लिहून होत नाही.

आधी यादी

कुठलंही खातं उघडण्याआधी एक साधा तक्ता करा. प्रत्येक माहितीसंचाला एक ओळ. रकाने असे: कुठून येतो, प्रत्यक्ष मोजतं कोण, किती वेळाने येतो, कोणत्या रूपात येतो, कधीपासूनचा उपलब्ध आहे, मध्ये खंड कुठे आहेत, पुढे वाटायची परवानगी आहे का, आणि आपल्यातला कारभारी कोण.

पावसासाठी एकाच भागातून दोन-तीन आकडे येतात हे ही यादी करतानाच लक्षात येतं. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक वेगळा, राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र वेगळं, भारतीय हवामान विभागाचं केंद्र वेगळं. तिन्ही बरोबर असूनही तिन्हींचे आकडे जुळत नाहीत, कारण यंत्रं वेगवेगळ्या जागी आहेत आणि घाटाकडच्या भागात पाऊस चार-पाच किलोमीटरवर बदलतो. हे तीन संच तीनच ठेवा. सरासरी काढून "मंडळाचा पाऊस" असा चौथा आकडा तयार करायचा मोह होतो, पण तो आकडा कुठल्याच यंत्राने मोजलेला नसतो.

यादी लांबलचक होईल. सुरुवात मात्र तीनच संचांपासून करा: नदीची पातळी, रोजचा पाऊस, धरणांचा विसर्ग. बंद रस्ते, पाण्याखालचे बंधारे, स्थलांतरित कुटुंबं हे सगळं पुढच्या वर्षी. आकडे भरायला लागतो त्याहून जास्त वेळ त्यांची ओळख लिहायला लागतो, आणि तीन संचांची नीट ओळख असलेलं कोठार तीस संचांच्या अडगळीपेक्षा जास्त वापरलं जातं.

कारभारी म्हणजे एक माणूस आणि त्याचा एक बदली. समिती नव्हे. संचात चूक सापडली तर फोन कुणाला करायचा, याचं उत्तर एका नावात मिळायला हवं. ज्या संचाला कारभारी मिळत नाही, तो कितीही मोलाचा वाटला तरी आत घेऊ नका.

फोल्डर आणि फाइलची नावं

सहा फोल्डर पुरतात. 00 वाचा, 01 कच्चं, 02 तपासलेलं, 03 तयार, 04 संदर्भ, 05 कामचलाऊ. क्रमांक आधी दिला की सगळ्यांच्या संगणकावर क्रम सारखा राहतो.

"कच्चं" म्हणजे जसं आलं तसं: पीडीएफ असेल तर पीडीएफ, वहीच्या पानाचा फोटो असेल तर फोटो. फाइल आत गेल्यावर तो फोल्डर फक्त वाचता येईल अशी परवानगी लावा. चूक दिसली तरी तिथे दुरुस्ती करायची नाही, दुरुस्ती 02 मध्ये होते. दोन वर्षांनी वाद झाला तर मूळ कागद दाखवता आला पाहिजे. प्रत्येक कच्च्या फाइलचा शा-256 ठसा (फाइलच्या मजकुरावरून निघणारा लांब संकेत, एक अक्षर बदललं तरी बदलतो) काढून एका यादीत ठेवा, म्हणजे नकळत बदललेली किंवा खराब झालेली फाइल पकडता येते. "कामचलाऊ"मध्ये कुणीही काहीही ठेवावं, पण 30 दिवसांनी ते आपोआप पुसलं जाईल असं आधीच सांगून ठेवा. असा फोल्डर नसेल तर लोक "नवीन", "नवीन फायनल", "फायनल खरंच" अशा फाइल 02 मध्ये टाकतात.

फाइलच्या नावाचा साचा: नदी_ठिकाण_काय_कालावधी_आवृत्ती. उदाहरणार्थ, पंचगंगा_राजाराम_पातळी_2021-07_आ02. इथे वाचायला सोयीचं म्हणून देवनागरीत लिहिलं आहे, प्रत्यक्षात फाइलची नावं रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा न सोडता. मराठीचा अभिमान आतल्या मजकुरात दाखवावा. देवनागरी नावाच्या फाइल झिप करून जुन्या संगणकावर उघडल्या की नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा 260 अक्षरांची असते, त्यामुळे फोल्डरात फोल्डर करत सात-आठ पातळ्या खाली जाऊ नका.

43.1 म्हणजे नक्की किती?

आता रकान्यांचा कोश. प्रत्येक तक्त्याबरोबर दुसरा एक तक्ता असतो, ज्यात पहिल्याच्या प्रत्येक रकान्याला एक ओळ असते: नाव, साध्या मराठीत अर्थ, एकक, प्रकार, मान्य मर्यादा, रिकामं असेल तर त्याचा अर्थ, मोजलेलं की हिशोबाने काढलेलं. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा एकच रकाना नीट पाहू.

पातळी फूट-इंचांत सांगतात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आता 43 फूट 6 इंच ही नोंद घाईत 43.6 अशी लिहिली जाते. पण दशांशातले 43.6 फूट म्हणजे 43 फूट 7.2 इंच. इथवर फरक सव्वा इंचाच्या आसपास, चालून जाईल असं वाटतं. पुढे पाणी 43 फूट 10 इंचांवर जातं, माणूस 43.10 लिहितो, आणि एक्सेल शेवटचं शून्य खाऊन 43.1 करून टाकतं. आता हा आकडा 43 फूट 1 इंच होता की 43 फूट 10 इंच, हे फाइलवरून कुणालाच सांगता येणार नाही. फरक 9 इंचांचा, म्हणजे जवळपास 23 सेंटीमीटर. 43 फूट 11 इंचांचे 43.11 होतात, आणि मग आलेखावर पाणी चढत असताना मध्येच खाली आल्यासारखं दिसतं.

उपाय असा: फूट आणि इंच हे दोन वेगळे रकाने, दोन्ही पूर्णांक, इंचाची मर्यादा 0 ते 11. तिसरा रकाना मीटरचा, तो हाताने भरायचाच नाही, सूत्राने काढायचा: फुटांत इंच भागिले 12 मिळवा आणि 0.3048 ने गुणा. 43 फूट 10 इंच म्हणजे 13.36 मीटर. जुन्या फाइलींत 43.1 असे आकडे आधीच असतील तर अंदाजाने सुधारू नका. मूळ फोटो किंवा पीडीएफ मिळाला तर त्यावरून भरा, नाही मिळाला तर "संशयित" खूण करून सोडून द्या.

याच रकान्याच्या ओळखीत आणखी एक वाक्य हवं: ही पातळी मोजपट्टीच्या शून्यापासूनची आहे. ती नदीची खोली नाही आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. म्हणून "सांगलीत कोल्हापूरपेक्षा दोन फूट पाणी जास्त" असं विधान या दोन आकड्यांवरून करता येत नाही, कारण दोन्ही पट्ट्यांची शून्यं वेगळ्या उंचीवर आहेत. पट्टी हलवली किंवा नवीन बसवली तर ती तारीख ओळखीत लिहा.

मान्य मर्यादा ठरवताना हात सैल ठेवा. "पाणी 50 फुटांवर कुठे जातंय" म्हणून वरची मर्यादा 50 ठेवली असती तर 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांतल्या कमाल नोंदी चूक म्हणून बाजूला पडल्या असत्या, कारण दोन्ही वेळा पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. नेमक्या ज्या नोंदींसाठी कोठार बांधलं, त्याच वगळल्या जातात.

विसर्गाच्या रकान्यात "मोजलेलं की काढलेलं" याला फार महत्त्व. राधानगरीला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) असा आकडा बातम्यांत येतो आणि उघड्या दरवाजांच्या संख्येने गुणून एकूण विसर्ग सांगितला जातो. तो हिशोबाने काढलेला आकडा आहे. त्यात वीजगृहातून सोडलेलं पाणी धरलं आहे की नाही, हे वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर एका दिवशी धरलेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलेलं असा सरमिसळ संच तयार होतो. धरणसाठ्याचे टक्के असतील तर ते उपयुक्त साठ्याचे की एकूण साठ्याचे, हेही लिहा. पडताळ्यासाठी एक आकडा पाठ असू द्या: 11,574 क्युसेक पाणी 24 तास वाहिलं की 1 टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं.

तारीख, वेळ आणि रिकाम्या जागा

तारीख 2019-08-07 अशीच: वर्ष, महिना, दिवस. 07/08/2019 ही तारीख इकडे 7 ऑगस्ट आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकावर 8 जुलै. अशी फाइल बिघडलेली ओळखायची खूण सोपी आहे. महिन्याच्या 12 तारखेपर्यंतच्या तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि 13 पासूनच्या डावीकडे चिकटलेल्या दिसतात, कारण तेरावा महिना नसल्याने संगणकाने त्या मजकूर म्हणून सोडून दिलेल्या असतात. हाच एक्सेल गट नंबर 12/3 ची 12 मार्च करतो, म्हणून गट नंबर आणि केंद्राचे क्रमांक असलेले रकाने फाइल उघडतानाच "मजकूर" म्हणून आयात करा. एकदा बिघडल्यावर रकान्याचा प्रकार बदलून मूळ नंबर परत येत नाही.

वेळ 24 तासांच्या घड्याळाची, भारतीय प्रमाणवेळेत, आणि ते ओळखीत लिहिलेलं. काही स्वयंचलित केंद्रं जागतिक वेळेत नोंद करतात. तिथला 03:00 म्हणजे आपला सकाळचा 8:30. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात आला नाही तर पाऊस येण्याआधीच नदी चढल्याचे आलेख निघतात.

पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. 23 जुलैच्या तक्त्यात छापलेला पाऊस 22 च्या सकाळी साडेआठपासून 23 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा, म्हणजे बराचसा आदल्या दिवशी पडलेला. तारीख बदलू नका. त्याऐवजी "कालावधी सुरू" आणि "कालावधी संपला" असे दोन रकाने ठेवा. वाद तिथेच मिटतो.

रिकामी जागा, शून्य आणि "निरंक" हे तीन वेगळे अर्थ आहेत. पाऊस मोजला आणि पडला नाही: 0. मोजलाच नाही: रिकामी जागा, आणि शेजारच्या रकान्यात कारण. "निरंक" पाठवणाऱ्याला विचारा की त्याच्या लेखी याचा अर्थ काय, कारण ऑफिसागणिक तो बदलतो. आकड्यांच्या रकान्यात -999 किंवा "एनए" टाकायची जुनी सवय सोडा. कुणीतरी सरासरी काढतो आणि गगनबावड्याचा पाऊस उणे येतो.

"अतिवृष्टी: होय/नाही" असा रकानाही नको. हवामान विभागाच्या वर्गवारीत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, 115.6 पासून अतिजोरदार, 204.5 पासून अत्यंत जोरदार असे टप्पे आहेत. महसूल यंत्रणा मंडळात 65 मिलिमीटरवर अतिवृष्टी धरते. मिलिमीटर साठवा, शिक्का वापरणारा लावील.

गावांची नावं

माहिती जोडताना सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. "कोल्हापूर" म्हणजे शहर की जिल्हा? शहर करवीर तालुक्यात आहे, पण काही तक्त्यांत करवीरच्या जागी कोल्हापूर लिहिलेलं असतं. "शिरोळ" हा तालुका आहे, गाव आहे आणि पंचगंगेवरचा बंधाराही आहे. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. चिखली म्हटलं की एकाला प्रयाग चिखली आठवते, दुसऱ्याला कागल तालुक्यातली. नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी आणि नुसती "वाडी" ही मात्र एकच.

त्यासाठी 04 संदर्भमध्ये एकच गावयादी ठेवा. प्रत्येक गावाला केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक, सोबत प्रमाण नाव, तालुका, आणि वेगळ्या तक्त्यात त्या संकेतांकाची जितकी सापडतील तितकी पर्यायी नावं. माहिती जोडायची ती संकेतांकावर, नावावर कधीच नाही. नवीन रूप सापडलं की पर्यायी नावांत भर घाला. बंधारे, पूल आणि पर्जन्यमापक यांना गावाचा संकेतांक पुरत नाही, त्यांना आपला स्वतंत्र क्रमांक द्या.

नावं दिसायला सारखी असूनही संगणकाला वेगळी वाटतात, हा खास आपल्या लिपीचा त्रास. "बंधाऱ्या" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत. पडद्यावर दोन्ही एकच. शोधलं तर अर्ध्या नोंदी मिळतात. "ॲ"चीही तीच गत, तो तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. सगळा मजकूर आत घेताना युनिकोडच्या एनएफसी रूपात (एका अक्षरासाठी एकच ठरलेला संकेतक्रम) आणा आणि त्याशिवाय या दोन अक्षरांसाठी बदलाचा स्वतंत्र नियम लिहा, कारण नुसत्या एनएफसीने हे फरक जात नाहीत. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली रूपांतर करून झाल्यावर दहा-वीस ओळी मुळाशी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) यूटीएफ-8 या युनिकोडच्या साच्यात ठेवा. ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात, आणि लोक "फाइल करप्ट आहे" म्हणून परत पाठवतात. वाटायच्या प्रतीत सुरुवातीची बीओएम खूण (फाइल यूटीएफ-8 आहे हे एक्सेलला सांगणारी) घाला किंवा डेटा टॅबमधून आयात करायची रीत 00 वाचा मध्ये लिहून ठेवा. आकडे मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत. देवनागरी अंकांचा रकाना एक्सेलमध्ये बेरजेला बसत नाही.

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, दोन वेगळ्या रकान्यांत, पाच दशांश स्थळांपर्यंत. म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता, पुराच्या कामाला पुष्कळ. कोल्हापूर 16.7 उत्तर, 74.2 पूर्वच्या आसपास आहे. रकाने उलटे भरले गेले तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडतात, म्हणून अक्षांश 15 ते 18 आणि रेखांश 73 ते 75 अशी मर्यादा लावली की चूक लगेच सापडते.

आवक: पावतीशिवाय काही आत नाही

दूध संस्थेत दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ एकाच पावतीवर छापून येतात. आपल्याकडेही प्रत्येक फाइलबरोबर तशी एक पावती हवी. सात ओळी: कोणी दिली, कधी, मूळ स्रोत, कोणता कालावधी, कशाने मोजलं, काही बदल केले असल्यास ते, आणि पुढे वाटायची अट. ऑनलाइन फॉर्म करा आणि पावती भरल्याशिवाय फाइल चढवताच येणार नाही असं जमवा. सात ओळींच्या पंचवीस केल्यात तर लोक सगळीकडे "वरीलप्रमाणे" लिहितील.

फाइल आधी थांब्यावर, म्हणजे तपासणी होईपर्यंत थांबायच्या वेगळ्या जागी जाते, तिथे आपोआप तपासण्या चालतात:

- मर्यादा: इंच 0 ते 11, पाऊस उणे नाही, तारीख भविष्यातली नाही.
- चढ-उतार: राजाराम बंधाऱ्यावर तासात 2 फुटांहून जास्त बदल असेल तर माणसाने पाहावं.
- दुबार: एकच ठिकाण, एकच वेळ, दोन आकडे.
- खंड: तासाची नोंद असेल तर कोणता तास गायब आहे.
- बेरीज: 1 जूनपासूनच्या आजच्या एकूण पावसातून कालचा एकूण वजा केला की आजचा पाऊस यायला हवा.

शेवटची तपासणी सगळ्यात उपयोगाची. दैनंदिन आणि एकूण हे रकाने उलटसुलट भरले जाणं, एखाद्या दिवसाचा तक्ता मागच्या दिवसाचाच परत येणं, मागाहून गुपचूप झालेली दुरुस्ती, सगळं तिथे उघडं पडतं. पावसाची मर्यादा मात्र तालुक्यागणिक वेगळी ठेवा. शिरोळला संशय यावा असा आकडा गगनबावड्यात जुलैतला नेहमीचा दिवस असतो.

तपासणीनंतर प्रत्येक नोंदीला खूण: 0 न तपासलेली, 1 ठीक, 2 संशयित, 3 चूक, 9 नोंद नाही. संशयित नोंद पुसायची नाही, नुसती खूण बदलायची आणि कारण लिहायचं. पेशीला पिवळा रंग देऊन "पिवळं म्हणजे शंका" ठरवणं बंद करा. सीएसव्हीत रंग जात नाही.

ठेवायचं कुठे

पहिल्या वर्षी सामायिक ड्राइव्ह किंवा स्वतःचं नेक्स्टक्लाउड (आपल्याच सर्व्हरवर चालणारा तसाच ड्राइव्ह) पुरतं. डेटाबेसची गरज कधी पडते, याचा हिशोब सोपा आहे. 30 केंद्रं, तासाला एक नोंद, म्हणजे वर्षाला 2,62,800 ओळी. एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळी मावतात. चौथं वर्ष संपता संपता पान भरतं. केंद्रं दर 15 मिनिटांनी नोंद देत असतील तर पहिल्याच वर्षी. त्याच्या आधीच पोस्टग्रेस या डेटाबेसवर जा, नकाशांचं काम असेल तर त्याला पोस्टजीआयएस ही पुरवणी जोडा. दोन्ही फुकट आहेत आणि चार-पाच वर्षांची अशी माहिती साध्या संगणकावरही आरामात चालते. डेटाबेसमध्येच प्रत्येक तक्त्याला आणि रकान्याला टिपण जोडायची सोय असते, कोशातला मजकूर तिथे चढवा.

परवानग्या माणसाला देऊ नका, भूमिकेला द्या: वाचक, भरणारा, तपासणारा, व्यवस्थापक. व्यवस्थापक नेहमी दोन, दोन वेगळ्या संस्थांतले. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असेल तर दुरुस्ती कुणी केली ते कधीच कळत नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांची खाती वर्षाअखेर आपोआप बंद होतील असं आधीच लावून ठेवा.

पूरग्रस्त कुटुंबांची पाहणी आली की प्रकरण नाजूक होतं. नावं, फोन नंबर, घराचं ठिकाण हे वेगळ्या, कुलूपबंद जागी, आणि कोठारात फक्त कुटुंब क्रमांक. दोन्ही जोडणारी यादी दोघांकडेच असावी. आधार क्रमांक मुळात मागूच नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घेण्याची तरतूद आहे, तेव्हा संमतीचा मजकूर आणि तारीख नोंदीबरोबर ठेवा. छोट्या वाडीत "विधवा, दोन मुलं, म्हैस वाहून गेली" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, त्यामुळे नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. प्रसिद्ध करताना पाचपेक्षा कमी कुटुंबांचे गट एकत्र करा.

बॅकअप, पूर गृहीत धरून

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. इथे गावाबाहेर याचा अर्थ कोल्हापूर-सांगलीच्या बाहेर, कारण एकच पूर दोन्हीकडे पोचतो. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीत तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर पुराची नोंद ठेवण्याऐवजी पुरात जाईल. 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं, उपसा केंद्रं बुडाली, बऱ्याच भागांत वीज नव्हती. म्हणजे ज्या आठवड्यात नोंदी सगळ्यात मोलाच्या, त्याच आठवड्यात वीज, नेट आणि रस्ता तिन्ही नसणार.

म्हणून मे महिन्यात दोन गोष्टी करा. छापील नोंदपत्रकं प्रत्येक नोंद ठेवणाऱ्याकडे द्या, रकाने डेटाबेसमधल्याच क्रमाने, फूट आणि इंचाचे चौकोन वेगळे. आणि एसएमएसचा ठरलेला साचा: केंद्र क्रमांक, तारीख, वेळ, फूट, इंच, मध्ये स्वल्पविराम. नेट नसलं तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. पूर ओसरल्यावर पत्रकं आणि एसएमएस दोन्ही 01 कच्चं मध्ये जमा करा.

बॅकअप रोज रात्री आपोआप व्हावा, आणि दर तीन महिन्यांनी त्यातून एक तक्ता रिकाम्या संगणकावर परत उभा करून पाहावा. नुसतं "बॅकअप यशस्वी" अशी मेल येते म्हणून विश्वास ठेवू नका. शून्य आकाराच्या फाइलचाही बॅकअप यशस्वीच होतो.

ओळखपत्र आणि बदलांची नोंद

प्रत्येक संचाच्या फोल्डरात दोन पानांचं ओळखपत्र. हा संच कशाचा, कुठला, कधीपासूनचा, कोणी आणि कसा मोजला, खंड कुठे, माहीत असलेले दोष, कशासाठी वापरू नये, कारभारी कोण, अटी काय. "कशासाठी वापरू नये" हा परिच्छेद लोक टाळतात, आणि वापरणाऱ्याला तोच सगळ्यात आधी लागतो. उदाहरणार्थ: "तालुक्याची सरासरी, एकेका मंडळाच्या विमा दाव्यासाठी वापरू नये."

ओळखपत्र जमलं का ते बघायची एकच कसोटी आहे. गटाबाहेरच्या माणसाला फोल्डर द्या आणि विचारा, "जुलै 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोका पातळीच्या वर किती तास होतं?" त्याने कुणालाही फोन न करता उत्तर काढायला हवं. तो जिथे अडतो आणि विचारतो, ते वाक्य ओळखपत्रात नाही. लगेच घाला.

बदलांची नोंद एका साध्या मजकूर फाइलमध्ये, नवीन नोंद वर: तारीख, कोणी, कोणत्या नोंदी, आधी काय, आता काय, का. ओळखपत्रं, कोश आणि तपासणीचे कोड गिटमध्ये (फाइलींतले बदल ओळीनुसार जपणारं साधन) ठेवा. एक्सेल फाइल गिटमध्ये टाकून उपयोग नाही, त्यात काय बदललं ते ओळीनुसार दिसत नाही. एकक किंवा रकान्याचा अर्थ बदलला तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा, नवीन नोंदी आल्या तर दुसरा, चूक सुधारली तर तिसरा. 2.0.0 दिसलं की वापरणाऱ्याला कळतं की जुनी सूत्रं तपासायला हवीत.

दरमहा कारभाऱ्यांची अर्ध्या तासाची बैठक पुरे. विषय तीनच: थांब्यावर अडकलेल्या फाइली, सात दिवसांहून जुन्या तक्रारी, आणि कारभारी नसलेले संच.

वर्ष 1 जून ते 31 मे असं धरा, म्हणजे एक पावसाळा दोन फाइलींत तुटत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागचं वर्ष बंद करा: उरलेल्या 0 खुणांचा निकाल लावा, संच गोठवा, ठसा काढा, सीएसव्ही आणि ओळखपत्र एकत्र करून 03 तयार मध्ये ठेवा. बाहेर प्रसिद्ध करण्याआधी मूळ देणाऱ्याच्या अटी परत वाचा. सरकारी आकडा रोज पेपरात येतो म्हणून त्याचा दहा वर्षांचा संच आपल्या नावाने वाटायची मुभा आपोआप मिळत नाही. आपल्या स्वतःच्या नोंदींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय-परवाना लावता येतो. गोठवल्यानंतर चूक सापडली तर जुनी फाइल तशीच ठेवून नवीन आवृत्ती काढा, आणि जुनीच्या ओळखपत्रात नवीन कुठे आहे तेवढी एक ओळ घाला. कुणाच्या तरी प्रबंधात किंवा अहवालात जुन्या आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो, आणि तो उघडून पाहणाऱ्याला तेच आकडे दिसले पाहिजेत.